आपली उत्तरपत्रिका आपणच तपासावी काय?

दिवाळीच्या पाडव्याला जुने विद्यार्थी भेटीस येतात. पदोन्नती, सत्कार, मानपत्रे ही सारी एका पारड्यात घातली आणि ही भेट दुसऱ्या पारड्यात घातली, तर आम्हा शिक्षकांचे पारडे कोणत्या बाजूस झुकेल हे वाचकांस सांगावयास नको. गेल्या दिवाळीतही लष्करातल्या आमच्या घरी अशी बरीच मंडळी येऊन गेली. त्यांत एक पोलीस उपनिरीक्षक होता. जनकगंजातल्या मराठी घरातला मुलगा. वर्गात मागच्या बाकावर बसे, गणितात काठावर उतरे. परंतु खोटे कधी बोलला नाही, अशी त्याच्याविषयीची नोंद आमच्या मनात कायम आहे. चिवड्याची बशी हातात घेऊन तो गप्पा मारीत होता. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवतींनी वर्तमानपत्रात वाचलेल्या गुन्याच्या प्रकरणाविषयी त्याला सरळच विचारले, "काय रे, कोठडीत माणूस मरतो आणि तो कसा मेला हे तुम्हा लोकांना वर्षभर सापडत नाही?"

मुलाचा चेहरा उतरला. "काकू, दोष असेल तो चार-सहा जणांचा, पण खाकी कपडा सगळ्यांच्या अंगावर सारखाच दिसतो," एवढेच तो म्हणाला. आमच्यातला शिक्षक मात्र गप्प राहीना. आम्ही म्हणालो, "अरे, दोष कोणाचा हा पुढचा प्रश्न. तो शोधायचा कोणी, हा पहिला. विद्यार्थ्याने आपली उत्तरपत्रिका आपणच तपासायची ठरवली, तर नापास कोण होणार?" त्यावर तो क्षणभर थांबला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "खरं आहे, सर. पण शाळेत एखाद्या शिक्षकाविरुद्ध तक्रार आली, तर तिथं चौकशी कोण करतं?"

आम्ही निरुत्तर झालो. का झालो, ते या लेखात यथावकाश सांगूच. प्रथम, ज्या प्रकरणावरून हा विषय निघाला ते प्रकरण.

गुना जिल्हा आमच्याच ग्वाल्हेर विभागातला. तेथील म्याना ठाण्याच्या पोलिसांनी २०२४ च्या जुलै महिन्यात पारधी समाजातील पंचविशीतल्या एका तरुणाला आणि त्याच्या काकाला चोरीच्या संशयावरून ताब्यात घेतले. घरात त्या तरुणाच्या लग्नाची धामधूम चालली होती. ताब्यात असतानाच तो मरण पावला. हृदयविकाराचा झटका आला, हे पोलिसांचे म्हणणे; अमानुष मारहाण झाली, हे घरच्यांचे म्हणणे. जे घडले ते डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार म्हणजे तो काका, आणि तो तर तुरुंगात. एकामागून एक गुन्ह्यांत त्याचे नाव गोवले जात असल्याची त्याच्या नातलगांची तक्रार. आणि या मृत्यूचा तपास कोणाकडे? त्याच राज्याच्या, त्याच पोलीस खात्याकडे. दहा महिने लोटले तरी एकाही अधिकाऱ्यास अटक झाली नाही. अखेर १५ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला आणि तसे करताना, कोणीही स्वतःच्याच प्रकरणात न्यायाधीश होऊ नये, या अर्थाच्या प्राचीन लॅटिन वचनाचे स्मरण करून दिले. त्यानंतरही दोन अधिकारी कित्येक महिने सापडेनात. न्यायालयाने पुन्हा कठोर शब्दांत जाब विचारल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, ते हाती लागले. दोषी कोण, हे आता न्यायासन ठरवील. तो अधिकार आमचा नाही. परंतु त्या कुटुंबाला थेट दिल्लीपर्यंत जावे लागले, ही गोष्ट निकालावर अवलंबून नाही. ती घडून गेली आहे.

येथे पारधी या शब्दापाशी क्षणभर थांबले पाहिजे. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कायदा रद्द केला. कायदा गेला, परंतु ठाण्याच्या नोंदवहीतला संशय गेला नाही. गावात चोरी झाली की पाऊल प्रथम पालाकडे वळते. ज्याच्या बाजूने गावातला कोणी प्रतिष्ठित माणूस ठाण्यात फोन करीत नाही, त्याच्यावरच हात मोकळा सुटतो. तेव्हा पोलिसांविरुद्धची तक्रार ऐकणारी संस्था स्वतंत्र असावी की नाही, हा वकिलांच्या चर्चेपुरता विषय नव्हे. ज्याचा या जगात वशिला नाही त्याच्या जिवाचा तो प्रश्न आहे.

सर्वोच्च न्यायालय प्रत्येक म्यानाला पुरे पडणार नाही, हे उघड आहे. मग जिल्ह्यात आणि राज्यात असे दार कोणते? त्याचे उत्तर देशाला फार पूर्वी सुचले होते. आणीबाणीनंतर, १९७७ च्या नोव्हेंबरात, केंद्र सरकारने धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. त्याच्या सदस्यांत टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्राध्यापक मा. स. गोरे होते आणि कामठीस जन्मलेले के. एफ. रुस्तमजी होते. रुस्तमजींचे नाव ग्वाल्हेरच्या जुन्या पिढीस ठाऊक आहे. १९५८ पासून १९६५ पर्यंत ते मध्य प्रदेश पोलिसांचे प्रमुख होते आणि चंबळच्या दरोडेखोरांशी त्यांनी झुंज दिली. पुढे सीमा सुरक्षा दलाचे ते पहिले प्रमुख झाले. ज्या दलाची अकादमी आमच्या शेजारी टेकनपूरला आहे, तेच हे दल. अशा अस्सल पोलीस अधिकाऱ्याचा सहभाग असलेल्या आयोगाने १९७९ च्या आपल्या पहिल्याच अहवालात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा प्रश्न हाती घेतला. कोठडीतील मृत्यू, कोठडीतील बलात्कार यांसारख्या गोष्टींची चौकशी न्यायिक अधिकाऱ्यानेच करावी, असे आयोगाने सांगितले. पोलिसांना बाहेरचा परीक्षक असावा, हे मत पोलिसांच्या शत्रूंचे नव्हे. खात्यात हयात घालविलेल्या माणसांचे आहे, हे ध्यानात ठेवावे.

आयोगाने १९८१ पर्यंत एकूण आठ अहवाल दिले. ते कपाटात गेले. १९९६ साली सीमा सुरक्षा दलाचेच आणखी एक माजी प्रमुख प्रकाश सिंग हे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, निकाल लागला. न्यायालयाने सर्व राज्यांना बंधनकारक असे आदेश दिले. त्यांपैकी सहावा आदेश आमच्या विषयाचा. प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण असावे. राज्याच्या प्राधिकरणाचा अध्यक्ष उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश असावा, जिल्ह्याचा निवृत्त जिल्हा न्यायाधीश. ही नावे शासनाने मनाने काढू नयेत. मुख्य न्यायमूर्तींनी सुचविलेल्या यादीतून घ्यावीत. इतर सदस्यही मानवी हक्क आयोग, लोकायुक्त वा लोकसेवा आयोग यांनी तयार केलेल्या यादीतून यावेत. सदस्यांनी पूर्ण वेळ काम करावे आणि त्यांना योग्य वेतन मिळावे. चौकशीसाठी प्राधिकरणाजवळ स्वतःची माणसे असावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्राधिकरणाने केलेली शिफारस संबंधित अधिकाऱ्यांवर बंधनकारक असावी.

आम्ही परीक्षा मंडळाच्या कामात बरीच वर्षे घालविली आहेत. म्हणून हा आदेश वाचताना तो आम्हाला ओळखीचा वाटला. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिका ज्या शाळेच्या त्याच शाळेत तपासल्या जात नाहीत. त्या गठ्ठे बांधून दुसऱ्या ठिकाणी जातात. परीक्षकाला विद्यार्थ्याचे नाव कळत नाही. परीक्षकाला शाळा नेमत नाही, मानधनही शाळा देत नाही, आणि त्याने दिलेला गुण शाळेचा मुख्याध्यापक खोडू शकत नाही. या चार गोष्टींतली एक जरी ढिली झाली, तरी गुणपत्रिकेवरचा विश्वास जातो. तक्रार प्राधिकरणाच्या स्वातंत्र्याचीही कसोटी हीच: नेमणूक कोणाच्या हाती, पैसा कोणाच्या हाती, तपास करणारी माणसे कोणाची, आणि शेवटचा शब्द कोणाचा?

या कसोटीवर आमच्या राज्याची उत्तरपत्रिका कशी उतरते? मध्य प्रदेशात पोलिसांचा मूळ कायदा अद्याप १८६१ चाच आहे. सत्तावन्नच्या बंडानंतर रयतेला धाकात ठेवण्याकरिता इंग्रजांनी केलेला. २००६ च्या निकालानंतर येथे शासकीय आदेशाने जिल्हा पातळीवर जी व्यवस्था योजिली गेली, तिचे अध्यक्षपद निवृत्त न्यायाधीशाकडे नव्हे, तर जिल्ह्याच्या प्रभारी मंत्र्याकडे ठेवले गेले. मंत्री सज्जन असू शकतात; आमचा प्रश्न व्यक्तीचा नाही. परंतु ज्यांच्या मर्जीने ठाणेदाराची बदली होते, त्यांच्याचकडे ठाणेदाराविरुद्धची तक्रार गेली, तर ती तक्रार न राहता राजकारणाचे नाणे होते. मर्जीतल्या अधिकाऱ्याला ती सांभाळून घेईल आणि नको त्या अधिकाऱ्याला ती नमवील. दोन्ही प्रकारांत तक्रारदार बाजूलाच राहील. राज्य मानवी हक्क आयोग आहे, आणि त्याचे दार अवश्य ठोठावावे. परंतु त्याच्या शिफारशी शासनावर बंधनकारक नाहीत.

इतर राज्ये फार पुढे गेली आहेत, असेही नाही. गोव्याने २००७ सालीच प्राधिकरण नेमले. महाराष्ट्राने २०१४ साली जुन्या मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य आणि विभाग या पातळ्यांवर प्राधिकरणाची तरतूद कायद्यात आणली. न्यायालयाने सांगितलेला जिल्हा मात्र तेथे गळला. काही राज्यांनी सेवेतले अधिकारीच सदस्य म्हणून बसविले. आदेशांचे पालन कितपत झाले हे पाहण्यासाठी न्यायालयाने न्यायमूर्ती के. टी. थॉमस यांची समिती २००८ साली नेमली होती; तिने २०१० साली राज्यांच्या उदासीनतेविषयी खेद व्यक्त केला. आदेशाचे शब्द पाळायचे आणि त्यातला प्राण काढून घ्यायचा, ही कला आपल्याकडे चांगलीच विकसित झालेली आहे.

स्वतंत्र चौकशी म्हटली की मराठी माणसाला रामशास्त्री आठवतात. नारायणरावांचा खून १७७३ साली शनिवारवाड्यात झाला तो रखवालीसाठी नोकरीस ठेवलेल्या गारद्यांच्या हातून, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्ले. आणि प्रत्यक्ष सत्ताधीशाला देहान्त प्रायश्चित्त सांगून शास्त्रीबुवा पुणे सोडून गेले, असे परंपरा सांगते. आम्ही वर्गात हा धडा कितीदा तरी अभिमानाने शिकविला. परंतु त्यातली एक गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. शास्त्रीबुवांनी सत्य सांगितले आणि त्यांना खुर्ची सोडावी लागली. स्वातंत्र्य त्यांच्या स्वभावात होते, खुर्चीत नव्हते.

ग्वाल्हेरकरांना याहून जवळचे उदाहरण आहे. १८७४ च्या नोव्हेंबरात बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेयर यांच्यावर विषप्रयोगाचा प्रयत्न झाला आणि संशय मल्हारराव गायकवाडांवर आला. १८७५ साली चौकशीसाठी सहा जणांचा आयोग बसला. तिघे इंग्रज, तिघे हिंदी. हिंदी सदस्यांत जयपूरचे महाराज होते, आमचे जयाजीराव शिंदे होते आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे होते. तपास मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर यांच्याकडे होता. मल्हाररावांतर्फे विलायतेहून आलेले बॅरिस्टर बॅलंटाइन यांचा मुख्य आक्षेप हाच होता की, साक्षीदार पोलिसांच्या ताब्यात राहून बोलले आहेत. त्या साक्षीस किती किंमत द्यावी? आयोगात समसमान मतभेद झाला. तिन्ही इंग्रजांनी आरोप सिद्ध मानला, तिन्ही हिंदी सदस्यांनी मानला नाही. जयाजीराव आणि दिनकरराव हे दोघेही इंग्रज सरकारशी सलोखा राखणारे. तरीही पुरावा पुरेसा नाही असे त्यांनी लिहून दिले, ही लहान गोष्ट नव्हे. पुढे काय झाले? आयोगाचे काम केवळ मत देण्याचे होते. शेवटचा शब्द सरकारचा. गैरकारभाराचे कारण दाखवून मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले आणि मद्रासेस पाठविण्यात आले. मल्हाररावांचा कारभार चांगला होता असे कोणीच म्हणणार नाही. परंतु चौकशी एका आरोपाची करावयाची आणि शिक्षा दुसऱ्याच कारणासाठी द्यावयाची, तर ती चौकशी कशाला? सहापैकी तिघे स्वतंत्र बाण्याचे निघाले, पण आयोग स्वतंत्र नव्हता. तात्पर्य, रामशास्त्री आणि दिनकरराव जन्मास येण्याची वाट पाहत बसणे हा उपाय नव्हे. खुर्चीच अशी घडवावी की, तिच्यावर तुमच्याआमच्यासारखा बेताच्या धैर्याचा माणूस बसला, तरी त्याला खरे लिहिता यावे.

चौकशीचा प्रश्न जसा गैरवर्तनानंतरचा, तसा तो पोलीस होण्यापूर्वीचाही आहे. गणवेश अंगावर चढविण्याची पात्रता कोण ठरवितो? अमेरिकेत हजारो लहानमोठी स्वतंत्र पोलीस दले आहेत. एका गावाने काढून टाकलेला शिपाई शेजारच्या गावात नोकरी धरतो, असा तेथला अनुभव. म्हणून तेथील राज्ये पोलिसांस पात्रतेचे प्रमाणपत्र देतात, आणि गंभीर गैरवर्तनाबद्दल ते काढूनही घेतात. मॅसॅच्युसेट्सने २०२० साली आणि कॅलिफोर्नियाने २०२१ साली त्यासाठी नवे कायदे केले. त्या प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळांत पोलीस किती असावेत आणि बाहेरचे नागरिक किती, यावर तेथे वाद झडतात.

आपल्याकडे ही पात्रता भरतीच्या परीक्षेने ठरते; आणि त्या परीक्षेचे काय होऊ शकते, हे आमच्या राज्याने व्यापमच्या प्रकरणात पाहिले आहे. शिपायांच्या भरतीतही दुसऱ्याच्या जागी परीक्षेस बसणारे निघाले. तपास प्रथम पोलिसांच्याच विशेष दलाकडे होता. उच्च न्यायालयाची देखरेख होती. तरी लोकांचे समाधान झाले नाही आणि ९ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सारी प्रकरणे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे दिली. २०१३ च्या शिपाई भरतीच्या एका खटल्यात भोपाळच्या विशेष न्यायालयाने २०१९ च्या नोव्हेंबरात ३१ जणांना शिक्षा ठोठावल्या. तिसांना सात वर्षे, एकास दहा. ग्वाल्हेर-चंबळच्या कितीतरी घरांना या प्रकरणाची झळ लागली. आमच्या शाळेतून बाहेर पडलेली हुशार मुले तेव्हा विचारीत, "सर, अभ्यास करून काय उपयोग?" त्या प्रश्नाला आम्ही दिलेली उत्तरे आमची आम्हालाच पोकळ वाटत. नोकरीच्या दारातच ज्याने लबाडी विकत घेतली, तो पुढे ठाण्यात बसून कोणाची तक्रार इमानाने लिहून घेणार?

आता आमच्या निरुत्तर होण्याची हकीकत.

सुमारे अठरा वर्षांपूर्वी आम्ही एका तालुक्याच्या गावी प्रभारी मुख्याध्यापक होतो. एका शिक्षकाने सातवीतल्या मुलाला असे मारले की त्याच्या कानातून रक्त आले, अशी तक्रार मुलाच्या वडिलांनी वरच्या कचेरीत दिली. वडील हातठेल्यावर भाजी विकीत. आठ दिवसांनी तोच कागद, त्यावर शिक्का आणि 'जांच कर प्रतिवेदन दें' असा शेरा मारून, आमच्याच टेबलावर आला. तो शिक्षक आमचा सहकारी. त्याच्या स्कूटरवर बसून आम्ही कितीदा तरी परीक्षा केंद्रावर गेलेलो. आम्ही मुलाला बोलाविले. कोठे, तर शिक्षकांच्या खोलीत. तेथे चार शिक्षक बसले होते आणि त्यांत तोही होता. मुलाने एकदा त्याच्याकडे पाहिले, एकदा आमच्याकडे पाहिले आणि तो म्हणाला, "गिर गया था." आम्ही तेच लिहिले. तक्रार निराधार ठरली, अहवाल मान्य झाला, कागद दाखल झाला.

पंधरा दिवसांनी ते वडील मुलाचा दाखला काढून न्यावयास आले. भांडले नाहीत. दाखला घडी करून खिशात ठेवताना एवढेच म्हणाले, "जांच तो आपने की, साहब, पर हमारी तरफ़ से कौन था?"

आम्ही त्या अहवालात एकही खोटा शब्द लिहिला नव्हता. ही गोष्ट आम्ही पुष्कळ दिवस स्वतःला समाधानासाठी सांगत राहिलो. परंतु खरे काय ते आम्ही विचारलेच नव्हते. ज्या खोलीत विचारावयास नको त्या खोलीत, ज्यांच्या देखत विचारावयास नको त्यांच्या देखत आम्ही विचारले आणि सोयीचे उत्तर मिळताच वही मिटली. आम्ही दुष्ट होतो म्हणून हे झाले नाही. आम्ही घरचे होतो म्हणून झाले. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाबरोबर चहा प्यावयाचा आहे, ही जाणीव लेखणीला न कळत वळण देते. ठाण्यातल्या अधिकाऱ्यावर तर याहून मोठा दाब असतो. रात्री-अपरात्री ज्याच्या भरवशावर दंगलीत उतरावयाचे, त्याच्याविरुद्ध कागद लिहिणे सोपे नाही. त्यातून 'लाइन अटॅच' नावाची सोयीची पळवाट खात्यात आहेच. वर्तमानपत्रात गाजावाजा झाला की शिपायाला लाइनीत पाठवावयाचे, आणि गाजावाजा निवला की त्याला दुसरे ठाणे द्यावयाचे. लोकांना शिक्षा दिसते. शिक्षा होत नाही. शिक्षकांच्या बाबतीत आमचे खाते बदलीचा असाच उपयोग करते, हेही कबूल केले पाहिजे.

पाडव्याच्या त्या दिवशी आम्ही ही सगळी हकीकत आमच्या त्या विद्यार्थ्याला सांगितली. सौभाग्यवतींनीही ती प्रथमच ऐकली. तो ऐकून थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग त्याने त्याची हकीकत सांगितली. काही वर्षांपूर्वी त्याच्यावर पैसे मागितल्याचा आरोप झाला होता. खात्यातून चौकशी झाली आणि तो निर्दोष ठरला. "पण सर, मोहल्ल्यात आजही लोक म्हणतात, अपने ही लोगों ने छोड़ दिया. मी खरोखर निर्दोष होतो. तो कागद माझ्या कपाटात आहे, पण दाखवू कोणाला? बाहेरच्या माणसानं तपासून तो दिला असता, तर मी तो चौकटीत लावला असता."

आमच्या मते, या विषयाचे सार त्या मुलाच्या या बोलण्यात आहे. स्वतंत्र प्राधिकरण म्हणजे पोलिसांवर उगारलेली छडी, अशी समजूत करून देऊन वर्षानुवर्षे त्याला विरोध केला जातो. परंतु घरच्यांनी दिलेली शिक्षा जशी अपुरी वाटते, तशी घरच्यांनी दिलेली निर्दोषताही कवडीमोल ठरते. दोषी पोलीस सुटतो आणि निर्दोष पोलीस डागाळलेला राहतो. दोघांच्याही बाबतीत नुकसान प्रामाणिक माणसाचे होते. त्याच २००६ च्या निकालात ठाणेदार व पोलीस अधीक्षक यांना किमान दोन वर्षे एका जागी राहू द्यावे, बदल्यांसाठी खात्याअंतर्गत मंडळ असावे, असेही आदेश आहेत. पोलिसांना मंत्र्यांच्या लहरीपासून संरक्षण आणि नागरिकांना पोलिसांच्या लहरीपासून संरक्षण, अशी ती जोडी आहे. एक चाक लावून दुसरे काढून ठेवल्यास गाडी चालणार नाही.

आमच्या वाचकांची घरे इंदूर-देवासपासून बडोदे, हैदराबाद, काशी, तंजावरपर्यंत पसरलेली आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे की, आपल्या राज्यात असे प्राधिकरण आहे काय, त्याचा अध्यक्ष कोण, त्याला कोणी नेमले, आणि त्याची शिफारस बंधनकारक आहे काय, हे विचारावे. माहितीच्या अधिकाराचा साधा अर्ज त्यासाठी पुरतो. आम्ही आमच्या जिल्ह्यापुरता असा अर्ज लिहिला आहे. लिहिताना जरा भीती वाटली, हेही नमूद करतो. शासकीय नोकराला ती वाटतेच.

शाळेपुरते आम्ही आणखी एक केले आहे. शिक्षकाविरुद्ध तक्रार आली, तर चौकशीस दुसऱ्या शाळेचे मुख्याध्यापक आणि तक्रारदाराच्या पसंतीचा एक पालक बोलवावयाचा, आणि मुलाला शिक्षकांच्या खोलीत नव्हे, ग्रंथालयात बसवून, त्याच्या घरच्या माणसासमोर विचारावयाचे. वरून तसा नियम नाही. आम्ही विनंती करतो आणि शेजारचे मुख्याध्यापक कृपा करून येतात. गेल्या वर्षी अशी एक चौकशी झाली. तक्रार शिक्षकावर नव्हती, आमच्यावर होती. आम्ही बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून होतो. तो अर्धा तास बराच लांब वाटला. परंतु आत आमच्याविषयी काय लिहिले जात आहे ते आपल्या हाती नाही, हे जाणवले तेव्हा त्या भाजीवाल्याच्या प्रश्नाला अठरा वर्षांनी थोडेसे उत्तर दिल्यासारखे वाटले.